वरून बघ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन शब्द लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि त्या दिवसापासून डोळ्यांसमोर विज्ञानाच्या बाईच आहेत. बाकीचं इतर लिहितीलच.

आम्ही १९८७ची दहावीची बॅच. नववीच्या पावसाळ्यात गावच्या विहिरीत पोटॅश परमँगनेट टाकलं होतं. बाईंनी त्याचेच दोन खडे वर्गात आणले. जांभळं द्रावण केलं, त्यातलं थोडं दुसऱ्या परीक्षानळीत, तिथून तिसरीत, असं पाणी घालत घालत गेल्या. शेवटची नळी बघून मी म्हणालो, “बाई, यात काहीच नाही.” बाईंनी नळी माझ्याच हातात दिली, खाली वहीचा कोरा कागद धरला. “आता वरून बघ.”

गुलाबी! अगदी फिकट, पण गुलाबीच. आडवं बघताना प्रकाश अर्ध्या इंचातून येत होता, वरून बघताना पाच इंचांतून. घंटा झाली तरी बाईंनी नळी परत मागितली नाही.

पुढे बी.एस्सी.ला लँबर्ट-बीअरचा नियम आला. द्रावणाची संहती, म्हणजे दाटपणा, वाढली की शोषण वाढतं, प्रकाशाची वाट लांबली तरी वाढतं. मुलं पाठ करत होती. मी तो बाईंच्या टेबलाशी पाहून आलो होतो.

औषध कंपनीच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये आता तीस वर्षं होतील. पॅरासिटामॉलच्या गोळ्यांचं शेवटचं द्रावण मिलिलिटरला साडेसात मायक्रोग्रॅम इतकं पातळ असतं. डोळ्याला निव्वळ पाणी. यूव्हीवर, म्हणजे प्रकाश किती शोषला गेला ते मोजणाऱ्या यंत्रावर, २५७ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाला लावलं की ०.५४च्या आसपास रीडिंग येतं. तिथे काचेची क्युव्हेट, म्हणजे द्रावण ठेवायची छोटी चौकोनी नळी, चालत नाही, काच स्वतःच तो प्रकाश शोषते, क्वार्ट्झचीच लागते. तीही खरबरीत बाजूनेच धरायची. चकचकीत बाजूला बोटाचा ठसा उमटला तर तोही रीडिंगमध्ये येतो. नव्या ट्रेनींना मशीनला हात लावू देण्याआधी मी परमँगनेटच्या नळ्या करायला लावतो आणि वरून बघायला सांगतो. मग ५२५ नॅनोमीटरला, म्हणजे हिरव्या प्रकाशात, तेच द्रावण लावतो. हिरवा प्रकाश द्रावणात अडतो म्हणून आपल्याला जांभळं-गुलाबी दिसतं, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

गेल्या दिवाळीत शाळेत आलो होतो. प्रयोगशाळेच्या खोलीत संगणक आहेत. परीक्षानळ्यांचा लाकडी स्टँड कुठे गेला, कुणालाच सांगता आलं नाही. फार वाईट वाटलं. बाई गेल्याचंही त्याच दिवशी कळलं. हे सगळं त्यांना एकदा येऊन सांगायचं होतं.

मुख्याध्यापकांना विनंती आहे : एक कलरीमीटर (द्रावणाचा रंग किती गडद ते मोजणारं यंत्र) आणि परीक्षानळ्यांचे सहा स्टँड मी देतो. नववीचा एक तास मिळाला तर रजा टाकून येईन.