खासबागेतून कलोसियमकडे: मुलांना रोमचे अवशेष दाखवताना

रोमची तिकिटं काढून झाली असतील, तर निघण्याआधी एक सकाळ कोल्हापुरातच राखून ठेवा आणि मुलांना टाउन हॉल म्युझियममध्ये न्या. सोमवार सोडून, कारण सोमवारी ते बंद असतं. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं आणि पंचगंगेकाठची सातवाहनकालीन वस्ती उजेडात आणली. त्याच टेकडीवर सापडलेल्या ब्राँझच्या वस्तूंमध्ये पोसायडन या समुद्रदेवाची मूर्ती आहे. छोटीशी, दाढीवाली, रोमन घडणीची. पाठीवर माणसं बसलेला ब्राँझचा एक हत्तीही याच ठेव्यातला. या दोन वस्तू मुलांना नीट, सावकाश बघू द्या, वहीत चित्र काढू द्या. पोसायडनचं आयुध त्रिशूळ, हे सांगितलं की मुलं लगेच "मग हा शंकर का नाही?" असं विचारतात. त्या प्रश्नावर घाई करू नका.

तिथून खासबाग हे कुस्तीचं मैदान. राजर्षी शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम, म्हणजे तिथलं लढतींचं प्राचीन प्रेक्षागार, पाहून हे मैदान बांधलं, हे कोल्हापुरात सगळ्यांनाच ठाऊक असतं. मुलांना वरच्या कडेला उभं करा आणि खालचा हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, दाखवा. कुठेही बसलं तरी मधली कुस्ती दिसली पाहिजे, म्हणून बैठक उतरती. लॅटिनमध्ये 'अरेना' या शब्दाचा अर्थ वाळू. रोममध्ये लढतीच्या जागेवर वाळू पसरायचे, त्यावरून जागेलाच ते नाव पडलं. लाल माती पायाखाली घेतलेल्या कोल्हापूरच्या पोराला हे वेगळं समजावावं लागत नाही.

ही तयारी का करायची, ते कलोसियममध्ये गेल्यावर कळतं. आत शिरल्यावर मुलांना मैदान दिसतच नाही. लाकडी जमीन केव्हाच गेली, आता एका बाजूला थोडा भाग नव्याने बांधलेला आहे. बाकी खाली भिंतींचं जाळं दिसतं. प्राणी आणि माणसं वर आणायच्या तळघरातल्या वाटा त्या. "लढायचे कुठे?" हा प्रश्न हमखास येतो. खासबाग डोळ्यांसमोर असेल तर उत्तर एका वाक्यात देता येतं: हौदा काढून घेतलाय, खालचं तळघर उघडं पडलंय. मग आकडे सांगा. इमारत १८८ मीटर लांब, १५६ मीटर रुंद. लढतीची जागा साधारण ८३ बाय ४८ मीटर. इसवी सन ८० मध्ये सम्राट टायटसच्या काळात उद्घाटन.

आत शिरण्याआधी बाहेरच्या कमानींवरचे आकडे शोधायला लावा. एकूण ८० कमानी, त्यांतल्या ७६ क्रमांकाच्या. आज २३ ते ५४ हे क्रमांक उरले आहेत. शाळेत रोमन अंक शिकलेल्या मुलाला ४४ शोधायला सांगा. शाळेच्या हिशेबाने एक्स-एल-आय-व्ही हवं, पण दगडावर शेवटी चार उभ्या रेघा आहेत. रोमन लोक चार असेही लिहीत. पुस्तकापेक्षा वेगळं काही दगडावर सापडलं, की मूल पुढचा तासभर खूश असतं.

तिकिटांत घोळ होतो तो दोन ठिकाणी. अठरा वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे, पण शून्य किमतीचं तिकीटही काढावंच लागतं. फक्त मोठ्यांची तिकिटं घेतली आणि त्या वेळेच्या जागा संपल्या, तर मुलं दाराबाहेर राहतात. दुसरं म्हणजे तिकिटावर नाव असतं आणि ते ओळखपत्राशी ताडून बघतात. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव हा क्रम कुठे कसाही लिहिला जातो. पासपोर्टवर आहे अगदी तसंच भरा आणि मुलांचे मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. काचेची बाटली आणि मोठी सॅक आत नेता येत नाही. स्टीलची बाटली न्या. रोमच्या रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे लोखंडी नळ चोवीस तास वाहतात. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून पाण्याची धार उडते, तोंड लावून प्यायचं. मुलांना हे एकदा दाखवा, मग पाणी पी म्हणून मागे लागावं लागत नाही.

गाईड ठरवताना आधी वेळ विचारा. कलोसियम, फोरम (जुन्या रोमचा मुख्य चौक) आणि त्याला लागून असलेली पॅलेटाइन टेकडी असा तीन तासांचा दौरा सरसकट विकतात. दहा वर्षांखालच्या मुलांसाठी तो जड जातो. फोरममध्ये सावली कमी आणि अवशेष विखुरलेले, तिथेच मुलं बसकण मारतात. दीड-दोन तास पुरेत. दोन कुटुंबांनी मिळून स्वतंत्र गाईड घेतला तर खर्च वाटला जातो आणि मोठ्या गटातली ढकलाढकलही टळते. गाईड इंग्रजीत बोलणार, लहान पोरांना आई-बाबा मराठीत सांगणार. त्यामुळे "प्रत्येक मुद्द्यानंतर अर्धा मिनिट थांबा" हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तुमचं भाषांतर आणि त्याचं पुढचं वाक्य एकाच वेळी चालू होतं. सम्राटांची यादी वगळायलाही सांगा.

माझं स्पष्ट मत: एकच दिवस जास्तीचा असेल आणि मुलं लहान असतील, तर ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरापेक्षा ओस्टिया अँटिकाला जा. पॉम्पेईसाठी नेपल्सपर्यंत जाऊन पुढे लोकल घ्यावी लागते, शिवाय बेसाल्टच्या ओबडधोबड रस्त्यांवर बाबागाडी चालत नाही. ओस्टिया हे रोमचं जुनं बंदर. पिरॅमिडे मेट्रोजवळच्या स्टेशनातून साधारण अर्ध्या तासाची रेल्वे, शहरातलंच तिकीट चालतं. पाइनची सावली आहे, गर्दी कमी. इथेही सोमवारी बंद. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर मुलं धावू शकतात. सार्वजनिक शौचालयातली भोकांची दगडी बाकं बघून सगळीच हसतात, हसू द्या.

टाउन हॉलमध्ये वहीत काढलेली ती दोन चित्रं इथे उघडून समोर धरायची. नेपच्यूनच्या स्नानगृहात काळ्या-पांढऱ्या खड्यांची मोठी फरशी आहे. पुढून घोडा आणि मागून मासा असे चार प्राणी जुंपलेला रथ हाकणारा समुद्रदेव. ग्रीकांचा पोसायडन तोच रोमनांचा नेपच्यून. चढून वरून बघा, खालून चित्र उलगडत नाही. थंडीच्या दिवसांत काही फरश्या झाकून ठेवतात, म्हणून मे महिन्याची सुट्टी बरी. नंतर नाट्यगृहामागच्या चौकात या. तिथे व्यापाऱ्यांच्या खोल्यांपुढे फरशीवर जहाजं आहेत, दीपस्तंभ आहेत आणि आफ्रिकेतल्या साब्राथाच्या व्यापाऱ्यांच्या खोलीपुढे एक हत्ती. तो कुठे आहे हे गाईडला सांगू देऊ नका. वही मुलांच्या हातात द्या आणि शोधू द्या.