ज्वालामुखीच्या खडकात तेल कसं?

माझं काम तेलाच्या शोधाचं आहे हे कळलं की लोक हमखास विचारतात, "लाव्हा एवढा तापलेला असतो, मग त्याच्या खडकात तेल जळून कसं जात नाही?" तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

तेल त्या खडकात तयारच होत नाही. ते तयार होतं सेंद्रिय द्रव्यानं भरलेल्या शेलमध्ये, म्हणजे गाळ-चिखलाच्या थरांतून घडलेल्या खडकात. लाव्हा थंडावून लाखो वर्षं उलटल्यावर ते तिथून निसटतं आणि वाट मिळेल तिकडे शिरतं. खडक आगीतून जन्मला की पाण्यात, याच्याशी तेलाला कर्तव्य नसतं. जागा हवी आणि वरून झाकण हवं.

जागा लाव्हातच असते. वायू सुटताना पोकळ्या राहतात, थिजताना कातळ तडकतो, पुढे भूगर्भातलं पाणी त्यातली काही खनिजं विरघळवतं. उलट झिओलाइट, कॅल्साइट ही खनिजं पोकळ्या बुजवूनही टाकतात, म्हणून त्यांना जोडणाऱ्या भेगा मोलाच्या. मला खरं थक्क करतं ते या खडकाचं ताठपण. वालुकाश्म खोल गाडला गेला की दबत जातो आणि त्याची छिद्रं मिटत जातात. लाव्हाची चौकट हा भार जास्त पेलते. जपानच्या मिनामी-नागाओका क्षेत्रात चार किलोमीटरहून खोल रायोलाइट या ज्वालामुखी खडकामधून वायू निघतो तो त्यामुळेच.

नेवाडातल्या ईगल स्प्रिंग्जमध्ये १९५४ मध्ये तेल लागलं, तिथे ज्वालामुखी राखेचे थरही तेल देतात. जावातलं जातिबारांग, चीनचं सोंगलियाव खोरंही याच जातीचं. तरीही बेसॉल्ट, म्हणजे काळा लाव्हाचा कातळ, लागला की 'तळ आला' म्हणून ड्रिलिंग थांबवायची सवय वर्षानुवर्षं टिकली, याची मला हळहळ वाटते. गुजरातच्या खंबात खोऱ्यात दख्खन ट्रॅप, म्हणजे बेसॉल्टचे थर, हा असाच तळ मानला जातो, आणि तिथल्या पाद्रा इथे त्याच ट्रॅपच्या भेगांतून तेल मिळालं.

उष्णतेचं म्हणाल तर अर्जेंटिनाच्या नेउकेन खोऱ्यात तिनं उलट मदतच केली. शेलमध्ये घुसलेल्या शिलारसानं आजूबाजूचा शेल तापवून तेल निर्माण केलं, आणि थंड होऊन भेगाळल्यावर तेच तेल स्वतःच्या पोटात साठवलं.

अवघड आहे ते शोधणं. जमिनीखालचं चित्र मिळवायला सोडलेल्या सिस्मिक (कंपनांच्या) लहरी लाव्हाचे थर विखुरतात, त्यामुळे खालचं चित्र धूसर येतं. शिवाय एकाच प्रवाहाचा माथा सच्छिद्र आणि मधला भाग घट्ट असतो. एक विहीर वाहते, शेजारची कोरडी जाते. त्या कोरड्या विहिरीचे कोअर, म्हणजे तिच्यातून काढलेले खडकाचे नमुने, आणि तिच्या भिंतीवरच्या भेगांच्या दिशा तपासल्याशिवाय पुढची जागा मी तरी ठरवत नाही.