आबांची कॅप्सूल नेमकं काय करते

लेनालिडोमाइडच्या पाकिटावर ठळक सूचना असते: गरोदर बाईनं हे औषध घ्यायचं नाही, कॅप्सूल उघडायची नाही. आमचे आबा 74 वर्षांचे. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि मला म्हणाले, "मला काय लेकरू व्हायलंय का रे?"

आबांना मल्टिपल मायलोमा आहे, म्हणजे अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर; लेनालिडोमाइड त्यावरचंच औषध. उदगीरला पाठदुखी म्हणजे वय झालं, असं सगळ्यांनी धरलं होतं. मग हिमोग्लोबिन उतरलं, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची खूण) चढलं, तेव्हा एम प्रोटीनची, म्हणजे या कॅन्सरच्या पेशी रक्तात सोडतात त्या प्रोटीनची, तपासणी झाली. आता 21 दिवस रोज एक कॅप्सूल, 7 दिवस सुट्टी, रक्ताची गाठ होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि आठवड्यातून एकदा डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. डेक्साच्या रात्री झोप येत नाही, आबा तूर निवडत बसतात. मी लातूरला नीटच्या पोरांना रसायनशास्त्र शिकवतो. तिथं "हे परीक्षेत विचारत नाहीत" म्हटलं की विषय मिटतो. आबांपुढं मिटत नाही.

लेनालिडोमाइड हे थॅलिडोमाइडचं भावंड. थॅलिडोमाइड 1957 साली पश्चिम जर्मनीत झोपेचं औषध म्हणून आलं, गरोदर बायकांना मळमळीवरही दिलं गेलं. हातपाय नीट न वाढलेली हजारो बाळं जन्मली आणि 1961 च्या अखेरीस जर्मनीत विक्री थांबली. 1964 मध्ये जेरुसलेममध्ये शेस्किन नावाच्या डॉक्टरांनी झोप लागावी म्हणून ते एका कुष्ठरुग्णाला दिलं, तर त्याच्या अंगावरच्या गाठीच बसल्या. 1999 मध्ये ते मायलोमावर चालतं असं दिसलं. कसं चालतं, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. 2010 मध्ये जपानच्या हांडांच्या गटानं ते सेरेब्लॉन नावाच्या प्रोटीनला चिकटतं हे शोधलं.

इथं मी आबांना मोंढ्यात नेलं. पोत्यावर खूण पडली की हमाल आत काय आहे ते बघत नाही, उचलतो. पेशीत ती खूण युबिक्विटिनची, आणि खूण असलेल्या प्रोटीनचे तुकडे करणारं यंत्र म्हणजे प्रोटिएझोम. (युबिक्विटिनच्या कामाला 2004 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.) सेरेब्लॉन खूण मारणाऱ्यांच्या टोळीतलं. औषध त्याला चिकटलं की ते एरवी न धरलेली पोती धरू लागतं.

कोणती पोती? याचं उत्तर 'सायन्स' या संशोधनपत्रिकेच्या 2014 च्या एकाच अंकात दोन गटांनी दिलं, दोन्ही बॉस्टनचे. बेंजामिन एबर्टच्या गटानं औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींमधली प्रोटीनं मास स्पेक्ट्रोमीटरवर ताडून पाहिली. विल्यम केलिनच्या गटानं हजारो प्रोटीनांना काजव्याचं चमकणारं प्रोटीन जोडलं आणि कुणाचा उजेड मंदावतो ते पाहिलं. मला ही दुसरी रीत फार आवडते. दोघांच्या हाती तीच दोन नावं लागली: इकॅरोस आणि आयोलोस. मायलोमाच्या पेशी याच दोन प्रोटीनांच्या जिवावर तगतात; ती गेली की पेशीही मरतात.

आणि पाकिटावरची सूचना? 2018 मध्ये दिसलं की थॅलिडोमाइडमुळं सेरेब्लॉन एसएएलएल4 नावाचं प्रोटीनही धरतं, जे गर्भात हातपाय घडताना लागतं. म्हणजे गुण आणि घात एकाच वाटेनं येतात. उंदरांच्या सेरेब्लॉनमध्ये नेमक्या जागी एक अमिनो आम्ल वेगळं असतं, त्यामुळं त्यांच्यात ही प्रोटीनं सुटून जातात. थॅलिडोमाइड दिलेल्या उंदरांची पिल्लं धडधाकट निघाली, यात नवल नाही.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मलाच अडवलं. सुरुवातीला त्यांच्या पोटावर बोर्टेझोमिब या मायलोमावरच्याच दुसऱ्या औषधाची इंजेक्शनं झाली होती, कॅप्सूल चालू असतानाच. ते तर प्रोटिएझोमच अडवतं. मायलोमाची पेशी इतकं प्रोटीन बनवते की निचरा तुंबला की तीच मरते. "मंग एक म्हणतंय उचल, दुसरं म्हणतंय हमाल बंद. भांडत न्हाईत का ही दोघं?"

प्रश्न बिनतोड होता. दोन्ही एकत्र देऊन रुग्णांना जास्त गुण येतो, हे अभ्यासांतून दिसलंय. बोर्टेझोमिबनं प्रोटिएझोम पुरतं बंद पडत नाही आणि दोन-तीन दिवसांत त्याचा जोर बराच ओसरतो, एवढं मी सांगितलं. आबांचं समाधान झालं नाही. पुढच्या ओपीडीला ते डॉक्टरांना स्वतः विचारणार आहेत, आणि मी मधे बोलायचं नाही अशी तंबी मिळालीय.