चिखलणीआधी रोटाव्हेटरची पाती बदलताना

शहापूर, मुरबाड, भिवंडीकडे चिखलणीसाठी रोटाव्हेटर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं फिरत्या पात्यांचं मशीन, लागतो तो जूनअखेर-जुलैत, पण त्याची पाती बदलायची ती मेमध्येच. एकदा आवण (भाताची रोपं) लावणीला आलं की मशीन या खाचरातून त्या खाचरात पळत असतं, तेव्हा कोणी पाना हातात घेत नाही.

पातं संपलंय हे डोळ्यांना दिसतं. इंग्रजी एल अक्षरासारख्या वळलेल्या, म्हणजे एल पात्याचा आडवा भाग झिजून नव्याच्या निम्म्या रुंदीवर आला की ते काढायचं. त्याआधीच खुणा दिसू लागतात: मशीन खोल उतरत नाही, धसकटं कापली जाण्याऐवजी रोटरला (पाती बसवलेल्या फिरत्या दांड्याला) गुंडाळतात, डिझेल वाढतं.

कुठली पाती घ्यायची यावर वाद होतात. एल पातं तण आणि धसकट चांगलं कापतं, कोरड्या रानात उत्तम. सी पातं निमुळतं वळलेलं असल्यामुळे भारी, ओल्या मातीत सहज शिरतं आणि त्याला चिखल कमी चिकटतो. एलच्या आडव्या भागाने खालची माती दाबून, चोपून थर बनतो. भाताला तो चालतो, पाणी धरून ठेवतो. पण त्याच खाचरात नंतर वाल किंवा हरभरा घेणार असाल तर मुळं तिथेच अडतात. मशीन फक्त चिखलणीला असेल तर सी घ्यावं असं माझं मत. भाड्याने सगळीकडे फिरणाऱ्या मशीनला एलच बरं. दोन्ही मिसळून मात्र बसवू नका, रोटरचा तोल जातो.

दुकानात जाताना जुनं डावं आणि उजवं (डावीकडे आणि उजवीकडे वळलेलं), दोन्ही पाती सोबत न्या. दोन भोकांमधलं अंतर, भोकाचा व्यास, जाडी आणि भोकापासून टोकापर्यंतची लांबी जुळवून पाहा. मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. साधारण पाच फुटी रोटाव्हेटरला ३६, सहा फुटीला ४२ आणि सात फुटीला ४८ पाती असतात, निम्मी डावी, निम्मी उजवी. हिशोब सोपा आहे: रोटरवरच्या ज्या चकत्यांना पाती बोल्टने बसतात त्या फ्लॅंज; मधल्या प्रत्येक फ्लॅंजवर सहा, तीन डावी आणि तीन उजवी, दोन्ही टोकांच्या फ्लॅंजवर तीन-तीन, सगळी आतल्या बाजूला वळलेली. पाच फुटीत सात फ्लॅंज, म्हणजे पाच गुणिले सहा अधिक सहा. तरी आपल्या मशीनवर मोजूनच घ्या. एका पात्याला दोन बोल्ट, म्हणजे ३६ पात्यांना ७२. जुने बोल्ट परत वापरण्यात काटकसर नाही; ८.८ ग्रेडचे नवे घ्या, स्प्रिंग वॉशरसकट. शिवाय जादा दोन डावी, दोन उजवी पाती आणि आठ बोल्ट टूलबॉक्समध्ये राहू द्या. पात्याच्या धारेवर कानस घासून बघा: ती घसरली तर पोलाद कडक आहे, खसाखस चावली तर पातं परत करा.

आता बसवणं. ट्रॅक्टर सपाट जागेवर, इंजिन बंद, चावी खिशात, पीटीओ शाफ्ट (ट्रॅक्टरची ताकद मशीनला देणारा दांडा) काढलेला. मशीन उचलून खाली भक्कम लाकडी ठोकळे द्या. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही, कधीच नाही. आदल्या संध्याकाळी चिखल धुऊन नट-बोल्टांवर डिझेल सोडून ठेवलं तर सकाळी निम्मं काम झालेलं असतं. १४ मिमीच्या बोल्टाला २१ किंवा २२ चा पाना लागतो, आणि दोन लागतात. कोपरे झिजलेल्या नटाशी झटापट करत बसू नका, ग्राइंडरने कापा.

सगळी पाती एकदम उतरवणं ही नेहमीची चूक. रोटरवर पाती मळसूत्रासारखी पुढे सरकत गेलेली असतात, म्हणून ती एकामागून एक जमिनीत शिरतात. हा क्रम मोडला की दोन-तीन एकदम आपटतात, मशीन हादरतं आणि बेअरिंग लवकर जातं. म्हणून आधी मोबाइलवर फोटो काढा आणि एका वेळी एकच फ्लॅंज हाती घ्या. भोकं लांबट झालीत का, तडा गेलाय का, हेही तेव्हाच दिसतं.

मशीन पुढे जाताना धार मातीत आधी गेली पाहिजे. पातं उलटं बसलं तर पाठ आपटते आणि मशीन जमिनीत शिरण्याऐवजी वर उसळतं. डावं-उजवं चुकलं तर रानात न फुटलेल्या मातीची सरळ रेघ उरते. टोकाच्या फ्लॅंजवर बाहेर वळलेलं पातं लावलं तर ते बाजूच्या पत्र्यावर किंवा चेनबॉक्सवर घासतं. बोल्ट हलके बसवून मग घट्ट करा, १४ मिमीला १२० न्यूटन मीटरच्या आसपास.

अर्धाच संच बदलायची वेळ आली तर निदान एका फ्लॅंजची सगळी पाती बदला. झिजलेल्यांत एकच नवं पातं लांब पडतं आणि सगळा मार तेच खातं. फाळ भात्यावर पाजवतात तशी ही पाती पाजवून किंवा वेल्डिंगने भरून आणू नका. तापवल्यावर कडकपणा जातो, आणि वेल्डिंगच्या कडेलाच दगडावर तुकडा पडतो.

रस्त्याकडेच्या खाचरांत प्लास्टिक, सुतळी, तार, कधी राडारोडाही असतो. पाती उतरवली असताना रोटरच्या दोन्ही टोकांना गुंडाळलेलं सगळं कापून काढा. ते सील खातं, मग चिखलाचं पाणी बेअरिंगमध्ये जातं.

डोंगरउतारावरच्या छोट्या खाचरांत पॉवर टिलर असतो. त्यात अनेकदा पातं खोबणीत बसून एकाच बोल्टवर राहतं, त्यामुळे तो सैल झाला की पातं गेलंच. डाव्या-उजव्याचा नियम तोच.

शेवटी रोटर लाकडाने हळू फिरवून एक पूर्ण फेरा बघा, कुठे घासत नाही ना. मग कमी वेगावर चालवा. पहिल्या तासाभराच्या कामानंतर इंजिन बंद करून, ठोकळे देऊन सगळे बोल्ट पुन्हा आवळा, कारण रंग आणि गंज दबला की नवे बोल्टही थोडे सैल पडतात.