पाईपला कोपर लागलं की चटाक!

आज सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत मित्राच्या फर्निचर कारखान्यात गेलो होतो. भुसा ओढायला सगळी पीव्हीसी लाईन. थंडीची कोरडी हवा, त्यात एमडीएफचा (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीचा) बारीक भुसा आतून घासत सुसाट जातो, त्या घासण्याने पाईपवर स्थिर विजेचा चार्ज साठतो, मग पाईपला आपलं कोपर लागलं की चटाक! पोरं हसतात. पण करवत चालू असताना कुणी दचकलं तर?

त्याने पाईपभोवती तांब्याची तार गुंडाळलीय. चटके थोडे कमी होतात, खोटं नाही. पण पीव्हीसीतून वीज वाहतच नाही, त्यामुळे तारेपासून लांबचा चार्ज जागच्या जागी राहतो. खरा उपाय पत्र्याचा डक्ट, प्रत्येक जोडावर तार टाकून सलग केलेला आणि अर्थिंगला बांधलेला. लवचिक होजमधली तार सोलून दोन्ही टोकांना धातूला जोडायची. आणि सगळे जोड खरंच सलग आहेत का ते मल्टिमीटर लावून बघायचं. नुसतं "अर्थिंग आहे की" म्हणून भागत नाही.

मला तर चटक्यापेक्षा खिळ्याची भीती जास्त. भुशाबरोबर ओढला गेलेला खिळा ओढणाऱ्या पंख्यावर आपटून ठिणगी भुसा साठवायच्या पिशवीत गेली, तर भुसा तासन्‌तास आतल्या आत धुमसतो. म्हणून म्हटलं, पिशवी रोज संध्याकाळी बाहेर नेऊन रिकामी कर. ते पटलं. पत्र्याचा खर्च ऐकल्यावर मात्र साहेबांनी चहा मागवला.