‘आई’ खोडून ‘बया’

सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं, शाळेविषयी लिहायला बसले आणि डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या त्या मराठीच्या बाईच. तेव्हा लिहिते ते त्यांच्याविषयीच.

1984 साल, आमची आठवी. बाईंनी घरच्या पाच ओव्या लिहून आणायला सांगितल्या होत्या. पण गावात गिरणी आलेली, आणि आजीचं एकच, “जातं फिरल्याबिगर ववी येत न्हाई.” मी कोरी वही नेली. बाई रागावल्या नाहीत. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर थेट घरी आल्या, पदर खोचला आणि आजीसमोर जात्याला बसल्या. दोघींनी खुंटा धरला, आजीनं मूठभर नाचणी वैरली आणि ओवीमागून ओवी येऊ लागली. मी भराभर उतरवून घेत होते.

दळण झाल्यावर बाईंनी वही वाचून दाखवली. दुसऱ्याच ओवीला आजीनं हात वर केला. “बया म्हनलं मी. आई न्हाई.” ऱ्हस्वदीर्घाला गुण कापणाऱ्या आमच्या बाई! त्यांनी मला ‘आई’ खोडून ‘बया’ लिहायला लावलं. मग पिशवीतून साने गुरुजींचं ‘स्त्रीजीवन’ काढून त्यातल्या ओव्या वाचू लागल्या. एकीवर आजी म्हणाली, “आमच्यात अशी न्हाई,” आणि आपली म्हणून दाखवली. बाईंनी ती पेन्सिलीनं समासात टिपली.

पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या मुळशीसकट गावोगावच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्याचं वाचलं, कित्येक तर बायकांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केलेल्या. तेव्हा बाईंना सांगायला हवं होतं. त्या नव्हत्या.

मी आज पुण्यात बँकेत अधिकारी आहे. आमच्या सोसायटीत भोंडल्याची गाणी स्पीकरवर लागतात, बायका फेर धरतात पण ओठ मिटलेले. फार वाईट वाटतं.

गेल्या वर्षी भाचीच्या हळदीला जातं मांडलं. आत्यानं ओवी सुरू केली आणि दुसऱ्या ओळीला अडली. मी वही काढली. मला चाल येत नव्हती, तिला शब्द आठवत नव्हते. मी ओळ वाचायची, ती गळ्यावर घ्यायची. ‘बया’ तिनं असा लांबवला की मला आजीच ऐकू आली. हळद कधीच दळून झाली होती, तरी कुणी उठेना.

त्या वहीची झेरॉक्स शाळेच्या ग्रंथालयाला देते आहे. सोबत पेनड्राइव्हवर आत्याचा आवाज आहे. दोन्ही एकाच कपाटात ठेवावं, एवढी विनंती.