न काढलेला फोटो

फ्रेंच लेखिका मार्गरीत द्युरास यांच्या ‘लामाँ’ (प्रियकर) या कादंबरीच्या मुळाशी कधीच न काढलेला एक फोटो आहे. व्हिएतनाममधली मेकाँग नदी ओलांडणारी फेरीबोट, तिच्या कठड्याशी उभी साडेपंधरा वर्षांची मुलगी, डोक्यावर पुरुषी फेल्ट हॅट आणि पायांत जरीच्या उंच टाचांच्या चपला. त्या क्षणाचे मोल तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून फोटो निघाला नाही. आणि तो निघाला नाही म्हणूनच लिहिण्याला जागा उरली. चित्रपटांसाठी एवढे लिहिणाऱ्या या बाईंचा चित्रावरचा अविश्वास मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

त्यांचा जन्म १९१४ सालचा, तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या व्हिएतनाममधल्या सायगॉनजवळचा, मूळ आडनाव दोनादिय. ‘द्युरास’ हे वडिलांच्या मुलखातल्या, नैर्ऋत्य फ्रान्समधल्या गावाचे नाव. शिक्षिका असलेल्या विधवा आईने आयुष्यभराची पुंजी घालून कंबोडियाच्या किनाऱ्यावर शेतजमीन घेतली आणि ती दरवर्षी समुद्राच्या पाण्याखाली जाऊ लागली. १९५० साली त्यावर कादंबरी आली. तिच्यातली आई त्या समुद्राला हट्टाने पॅसिफिकच म्हणते. बुडायचेच तर निदान मोठ्या समुद्रात, असे काहीसे तिच्या मनात असावे.

दिग्दर्शक आलँ रेने यांच्या ‘हिरोशिमा मोनामूर’ (१९५९) या चित्रपटाची पटकथा द्युरास यांची, आणि तिला ऑस्करचे नामांकनही मिळाले. फ्रेंच नायिका हिरोशिमातले इस्पितळ, संग्रहालय असे काय काय पाहिले ते सांगत राहते आणि जपानी पुरुष तिला पुन्हा पुन्हा बजावतो की तू काहीच पाहिलेले नाहीस. पडद्यावर मात्र तीच दृश्ये सरकत असतात.

पुढे त्या स्वतः दिग्दर्शन करू लागल्या, तेव्हा हा अविश्वास टोकाला गेला. ‘इंडिया साँग’मध्ये (१९७५) कलकत्ता उभे राहते ते फ्रान्समध्येच, आणि पात्रांचे संवाद ऐकू येतात तेव्हा त्यांचे ओठ मिटलेले असतात. ‘ल कामियों’मध्ये (१९७७) द्युरास आणि अभिनेते जेरार देपार्द्यू घरात बसून एका न झालेल्या चित्रपटाची पटकथा हातातल्या कागदांवरून वाचतात आणि मधूनमधून एक ट्रक रस्त्याने जाताना दिसतो. पहिल्यांदा पाहताना मी कंटाळलो होतो, हे कबूल करतो.

‘लामाँ’ला १९८४ साली, लेखिकेच्या सत्तराव्या वर्षी, गाँकूर हा फ्रान्सचा मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला. झाँ-झाक आनो यांनी तिच्यावर चित्रपट करायला घेतला, पण दोघांचे जमले नाही. तेव्हा द्युरास यांनी १९९१ साली तीच कथा नव्या कादंबरीत पुन्हा लिहिली आणि चित्रपट झालाच तर तो कसा घ्यावा, याच्या सूचना तळटिपांत घातल्या.